पंपाच्या पोटातला हात

“अजून खरखर लागतीया काय?” ह्यांनी विचारलं.

“लागतीया. वळणाच्या मागं. थोडीच हाय.”

माझा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत पंपाच्या पोटात होता आणि डोळे मिटलेले होते. उघडे ठेवून उपयोग नव्हता, आत बघण्यासारखं काही नव्हतंच. आगीच्या बंबावर बसवायच्या पंपाचं ते ॲल्युमिनियमचं ओतीव घर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याला सगळे केसिंग म्हणतात. दिसायला मोठ्या शंखासारखं. पाणी एका तोंडानं आत शिरतं, वळसा घेतं आणि दुसऱ्या तोंडानं जोरात बाहेर पडतं. तो वळसा आतून गुळगुळीत पाहिजे, नाहीतर पाणी अडखळतं आणि जोर कमी होतो. बाहेरची बाजू चाकावर धरली की चकाचक होते. आतल्या बाजूला ग्राइंडरचं बारकं चाक थोडं आतपर्यंत पोचतं. त्याच्या पुढं कोणतंच हत्यार वळत नाही. तिथून पुढं माझा हात.

आमच्यात नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही, पण गोष्ट सांगायची म्हणून एकदा घेते. धोंडीराम. आता इथून पुढं मी ‘हे’ म्हटलं की कोण ते समजून घ्या.

माझा हात लहान. बोटं बारीक. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला होता आणि म्हणाल्या होत्या, “ह्या हातानं भाकरी काय थापणार गं तू? पापड थापशील.” घरातली सगळी हसली होती. मीही हसले होते, पण मनात ते राहून गेलं होतं. पुढं ह्यांनी दुसऱ्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली आणि पॉलिशचं स्वतःचं काम धरलं. पत्र्याची शेड, एक मोटर, दोन चाकं. मी दुपारचा डबा घेऊन जायची. एकदा हे एका पार्टमध्ये बोट घालून घालून वैतागले होते. मी म्हटलं, सरका बघू, आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. त्या दिवसापासून मी डबा घेऊन जायची ती संध्याकाळीच परत यायची.

काम तसं सोपं. दोन बोटांना पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळायची, रॉकेलमध्ये बुडवायची आणि घासायचं. रॉकेल नसेल तर ॲल्युमिनियम पेपरला चिकटून बसतं आणि पेपर मरतो. आधी जाड पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी कापडाची चिंधी आणि पॉलिशचा साबण. पेपर काढून मधे मधे उघडं बोट फिरवायचं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. घासता घासता आत काळा लगदा तयार होतो आणि हात काळा होतो. आत्ती म्हणायच्या, “चुलीत हात घालून आलीस व्हय गं?” पण शेजारणीला सांगताना म्हणायच्या, “आमच्या शालनचा हात जातो तिथं दुसऱ्या कुणाचा जात न्हाई.” त्यांचं कौतुक नेहमी असं भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

तर त्या दिवशी ते केसिंग म्हणजे सँपल होतं. आधी ओतलेली सगळी भोकं पडून वाया गेली होती. हे एकच साफ उतरलं होतं. दुपारी पंप बनवणाऱ्या कंपनीचे गद्रे साहेब बघायला येणार होते. पसंत पडलं तर सगळ्या केसिंगचं काम आमच्याकडं, नाहीतर दुसरीकडं, असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. ते काम नाही आलं तर शेड सोडायची आणि ह्यांनी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं, हे घरात न बोलता सगळ्यांना माहीत होतं. हे सकाळपासून पाणीसुद्धा प्याले नव्हते.

आणि घरात नणंदेचं लग्न तोंडावर आलं होतं. आदल्याच दिवशी कासार येऊन घरातल्या सगळ्या बायकांना हिरवी काकणं भरून गेला होता. एरवी मी कामाला बसताना हातात काही ठेवत नसे. पण लग्नाची भरलेली काकणं उतरवायची नसतात, आणि फुटली तर त्याहून वाईट. मी ती वर कोपराकडं सारली, चिंधीनं गच्च बांधली आणि हात आत घातला. मला माझ्या युक्तीचं कौतुकच वाटत होतं.

वळणामागची खरखर गेली. मी पट्टी बोटावरून सोडली, उघडं बोट फिरवलं. काही लागलं नाही. पुन्हा फिरवलं. पाण्याच्या घागरीला आतून बोट लावावं तसं गार आणि सपाट.

“झालं,” मी म्हणाले.

“खरं?”

“तुमची शपथ.”

ह्यांनी हात जोडले. कुणाला कोण जाणे. मी हात ओढला. हात आला नाही.

मला वाटलं अंगठा आडवा आला असेल. अंगठा आत दुमडला, पुन्हा ओढला. मनगटाशी काहीतरी करकरलं. तेव्हा कळलं. रॉकेल लागून चिंधी सैल झाली होती. घासता घासता काकणं एकामागून एक खाली घसरली होती आणि मनगटाबरोबर आत गेली होती. आत जाताना हात एकटा गेला होता. बाहेर येताना हात आणि काकणं एकदम येऊ बघत होती, आणि तेवढी जागा त्या तोंडाला नव्हती.

“काय झालं?”

“अडाकलाय.”

हे आधी हसले. “गोगलगाय झालीस की गं,” म्हणाले. मीही हसले. ह्यांनी साबणाचं पाणी आणून कडेनं आत सोडलं. मग गोडं तेल. मी हात असा फिरवला, तसा फिरवला. जितका फिरवावा तितकी काकणं तळहाताच्या उंचवट्यावर चढून बसत होती. थोड्या वेळानं हे हसायचे थांबले.

“ओढ बघू जोरात.”

“ओढलं की काच रुतायलीय.”

“कुठं?”

“हितं खाली, मनगटाला. करंगळीच्या बाजूला.”

ह्यांनी बॅटरी आत मारून बघितलं. हिरवं काहीतरी चमकत होतं, एवढंच दिसलं.

तेवढ्यात आत्ती आल्या. त्या दिवशी डबा त्यांनी आणला होता, कारण मी सकाळीच निघून आले होते. दारातच त्यांनी मला बघितलं. मी स्टुलावर बसलेली, मांडीवर केसिंग, हात आत. 

“ही अशी का बसलीया?”

ह्यांनी सांगितलं. आत्तींनी डबा खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, “काकणं फुटली न्हाईत न्हवं?”

“न्हाई,” मी म्हणाले.

“मग ओढू नगंस. लगीन हाय घरात. काकणं वाढली तर लोक काय म्हणतील, आणि पोरीच्या मनाला काय वाटंल?” मग जवळ येऊन त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. “दुखतंय व्हय गं?”

“थोडं थोडं.”

खरं तर बरंच दुखत होतं. सूज यायला लागली होती. एखादी सुतळी कुणीतरी मनगटाभोवती पीळ देत देत आवळावी तसं होत होतं. आधी बोटांना मुंग्या आल्या. मला त्या मुंग्यांचा त्रास होत होता, पण त्या थांबल्या तेव्हा जास्त भीती वाटली. आत बोटं हलवून बघत होते, आणि ती हलतायत की नाही हे मला कळत नव्हतं. घासलेला कोपरा आता बोटाला लागतच नव्हता.

“अवं,” मी ह्यांना म्हणाले, “बोटं कळंनात मला.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग दाराकडं. साहेबांची जीप कधीही येईल अशी वेळ झाली होती. मग शेजारच्या शेडमध्ये जाऊन ते दस्तगीरभाईंना घेऊन आले.

दस्तगीरभाई लेथवर काम करायचे. आमची मोटर बिघडली की तेच यायचे, चहा झाला की तिथूनच हाक मारायचे. वयानं ह्यांच्यापेक्षा थोडे मोठे. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. हात कुठं अडकलाय, काकणं कुठं आहेत, केसिंगची भिंत कुठं जाड आणि कुठं पातळ, सगळं बघून घेतलं. त्यांनी केसिंगच्या तोंडाजवळ नखानं एक रेघ ओढून दाखवली.

“धोंडीराम, हितनं कापतो. ह्या बाजूनं एक काप, त्या बाजूनं एक. तोंड मोकळं झालं की हात आपसूक येतोय. वैनीला ओरखडासुदा येणार न्हाई.”

“ग्राइंडरनं?”

“येडा हैस व्हय? ॲल्युमिनियम हाय ते. एका बाजूला तापलं की सगळं तापतंय. आतल्या आत हात भाजंल त्यांचा. हाताच्या करवतीनं कापतो. वेळ लागंल, पर काम हुईल.”

ह्यांनी त्या नखाच्या रेघेवरून अंगठा फिरवला. रेघ पुसून टाकावी तसा.

“कापलं की सँपल गेलं,” ते म्हणाले.

“गेलं,” दस्तगीरभाई म्हणाले. “दुसरं वतायचं.”

“साहेब आत्ता येणार हाय, दस्तगीर. आत्ता. दुसरं वतून त्याला घासूस्तवर त्यो थांबतोय व्हय?”

“साहेबाला सांगूया की. माणूसच हाय त्यो पण.”

“सांगितलंय मागल्या बारीला. आणि त्याच्या मागल्या बारीलापण. भोकं पडली साहेब, आठ दिवस द्या साहेब. आता सांगू, बायकूचा हात अडाकलाय साहेब?”

मला हसू यायला हवं होतं. ह्यांचा आवाज रडवेला झाला होता म्हणून आलं नाही. ह्यांच्याबद्दल मला राग नव्हता. हे खरंच सांगते. हा माणूस माझ्यासमोर वाळत चालला होता. रात्री झोपेत बडबडायचा, ताटावरून अर्धा उठायचा. त्या केसिंगला त्यांनी लेकरासारखं धुतलं होतं. आणि ते लेकरू आता माझ्या हातात होतं, किंवा माझा हात त्याच्या तोंडात होता.

“मग काकणं फोड,” दस्तगीरभाई म्हणाले. “पर त्यात जोखीम हाय. आत फुटली तर काच कुठं जाईल सांगता येत न्हाई. खाली शीर हाय.”

“फोडायची न्हाईत,” आत्ती म्हणाल्या.

“आक्का, मग कापू द्या.”

“कापायचंबी न्हाई म्हणतोय न्हवं त्यो.”

“मग काय करायचं? हात तोडायचा?”

हे उठले, दारापर्यंत गेले, रस्ता बघून परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. आत्ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि अंबाबाईला काहीतरी कबूल करत होत्या. दस्तगीरभाई जाऊन करवत घेऊन आले होते. नवीन पातं लावलेली. ती त्यांनी मांडीवर आडवी ठेवली होती आणि ह्यांच्याकडं बघत होते. ते ह्यांच्या एका शब्दासाठी थांबले होते. केसिंग ह्यांचं, बायको ह्यांची, ते तरी काय करणार.

मी माझ्या हाताकडं बघत होते. मनगटाच्या वर तो माझाच होता, काळा, तेलकट, ओळखीचा. आणि तिथून पुढं ॲल्युमिनियम सुरू होत होतं. मला उठता येत नव्हतं, वजन होतं. डाव्या हातानं पाण्याचा तांब्या घ्यावा म्हटलं तरी मांडीवरून ते घसरायचं. आपल्याबद्दल तीन माणसं बोलतायत आणि आपण मधे ठेवलेलं सामान आहोत, असं काहीतरी वाटायला लागलं.

मग हे येऊन माझ्यासमोर गुडघ्यावर बसले. ह्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आला. डोळे लाल झाले होते.

“शालन,” हे म्हणाले, “तू सांग. काय करू? कापू काय?”

मी ह्यांच्याकडं बघितलं.

“नको,” मी म्हणाले. “कापू नका.”

ह्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. सकाळपासून कोंडून ठेवलेला असावा असा. माझा डावा हात घट्ट धरला, कपाळाला लावला. मग दस्तगीरभाईंकडं वळून म्हणाले, “बघितलंस? ती सुदा नकोच म्हणतीया.”

दस्तगीरभाई माझ्याकडं बघत राहिले.

“वैनी, खरंच नको?”

मी तोंड उघडलं. पण मी ह्यांच्याकडं बघत होते. हे उठले होते आणि हत्यारांच्या फळीवर काहीतरी शोधत होते. त्यांची पाठ माझ्याकडं होती.

“म्हणली न्हवं का ती नको,” आत्ती म्हणाल्या. “आता पुन्ना पुन्ना काय इचारायचं?”

दस्तगीरभाईंनी करवत खाली ठेवली. हळूच, आवाज न करता.

ह्यांनी बारीक स्क्रू ड्रायव्हर आणला. त्याच्या टोकाला फडकं गुंडाळलं. आत्तींना म्हणाले, “आई, काकणांचा आता इलाज न्हाई.” आत्तींनी तोंड फिरवलं. ह्यांनी ते कडेनं आत सरकवलं, माझ्या मनगटाच्या आणि काकणांच्या मधे, आणि पिळलं. आतून काड्. मग पुन्हा काड्. शंखाच्या पोटात तो आवाज मोठा होऊन येत होता. 

“वाढली गं माय,” आत्ती भिंतीकडं बघत म्हणाल्या.

“आता ओढायचं,” हे म्हणाले. “दस्तगीर, तू तिला धर.”

“मी वैनीला ओढणार न्हाई,” दस्तगीरभाई म्हणाले. “तुझं हे काय हाय ते धरतो.” आणि त्यांनी केसिंग दोन्ही हातांनी कवटाळून धरलं.

हे माझ्या मागं उभे राहिले, माझ्या दंडाला धरलं. “एकदाच, शालन. एकदाच सोस.”

मी सोसलं. आणखी काय करणार होते. हात आला. बाटलीचं बूच निघावं तसा एकदम आला आणि मी मागं ह्यांच्या अंगावर पडले. हाताबरोबर हिरव्या काचांचा चुरा मांडीवर सांडला. हाताकडं बघितलं तर तो सगळा काळा होता, आणि त्या काळ्यातून लाल येत होतं. मनगटाच्या खालच्या बाजूनं, करंगळीच्या रेषेत. आधी ओघळ, मग भरभरून. मला दुखलं नाही. तेच विचित्र होतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत दुमडून गेली होती आणि मी सांगूनही उघडत नव्हती.

“अगं आई गं,” हे म्हणाले. त्यांनी अंगातला शर्ट काढला आणि माझ्या मनगटाला गच्च बांधला. पण गाठ बसेना. दस्तगीरभाईंनी गाठ मारली.

आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

आम्ही सगळे दाराकडं बघायला लागलो. हे बनियनवर उभे होते, छातीवर माझं रक्त. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा केसिंगकडं. केसिंगच्या तोंडातून लाल आणि काळं जमिनीवर ठिबकत होतं.

“दस्तगीर,” हे म्हणाले, “स्कूटर काढ. तू हिला घेऊन फुडं हो. साहेबास्नी दाखवून मी आलोच मागनं.”

“तू येणार न्हाईस?”

“आलोच म्हणतोय न्हवं.”

दस्तगीरभाईंनी मला उठवलं. आत्तींनी माझ्या खांद्यावर पदर नीट केला आणि स्वतःही निघाल्या, पण स्कूटरवर तिघांना जागा नव्हती, म्हणून दारातच राहिल्या. साहेब जीपमधून उतरत होते. पांढरा शर्ट, हातात आरसा आणि बॅटरी, आतलं बघायला आणलेली.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काच लागली पोरीला,” आत्ती म्हणाल्या.

“अरे अरे,” साहेब म्हणाले आणि बाजूला सरकले. स्कूटर सुरू झाली तेव्हा मी मागं वळून बघितलं. शेडच्या आत हे वाकून उभे होते. फडकं घेऊन केसिंगच्या आतली बाजू पुसत होते. त्यांचा हात काही वळणापर्यंत पोचत नव्हता.

दवाखान्यात दस्तगीरभाई शेवटपर्यंत बसले होते. डॉक्टरांनी टाके घातले आणि म्हणाले, नस तुटलीय आणि बोटं ओढणारी दोरीपण, जोडलीय, पण बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

दिवस मावळताना हे आले. धावत आले. पेढे घेऊन. खाटेच्या कडेला बसले आणि माझ्या डाव्या हातावर डोकं टेकून रडले. खूप रडले. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरा हात बांधलेला होता.

“पास झालं,” हे डोकं वर न करता म्हणाले. “साहेबानं आरसा घालून बघितलं, मग बोट घालून बघितलं. म्हणाला, धोंडीराम, आतनं काचेसारखं झालंय.”

मला हसू फुटलं. हे गोंधळून बघायला लागले. मग तेही हसले, आणि आम्ही दोघं तिथं दवाखान्यात हसत बसलो, कशाला ते त्यांना अजून माहीत नाही.

ती दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. त्यांना काही कळतही नाही. कितीदा तवा लागून भाजलीत आणि मला वासावरून समजलंय. आतलं घासायचं काम मला पुन्हा जमलं नाही. पण ह्यांचं काम वाढलं. पत्र्याची शेड गेली, पक्की झाली, मग शिरोलीला मोठा कारखाना झाला. आत्ती सुखानं गेल्या. दस्तगीरभाई हाताचं झालं त्याच साली लेथ विकून सांगलीकडं गेले आणि मग त्यांची गाठ पडली नाही. ह्यांनी मला पाण्याची घागर उचलू दिली नाही कधी. कणीक मळायला बाई ठेवली. कारखान्यात नवीन बाई कामाला आली की हे स्वतः तिचे हात बघतात आणि काकणं काढायला लावतात. वाईट माणूस नाही हा. तो तसा असता तर बरं झालं असतं, कधीतरी भांडता आलं असतं.

मागच्या वर्षी उद्योजकांच्या संघटनेनं ह्यांचा सत्कार केला. फेटा, शाल, श्रीफळ. मी पहिल्या रांगेत. हे बोलायला उभे राहिले आणि मला माहीत होतं की ती गोष्ट येणार. प्रत्येक सत्काराला येते.

“सँपल कापायला करवत काढली होती,” हे म्हणाले. “मी तर कापायलाच निघालो होतो. पण ही माउली काय म्हणाली? म्हणाली, कापू नका. हात गेला तर जाऊ दे, काम जाता कामा नये!”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक मागून उठून माझ्याकडं बघायला लागले. ‘हात गेला तर जाऊ दे’ हे मी कधी म्हटलेलं नाही. ते दर सत्काराला थोडं थोडं वाढत आलंय. पण त्यांना ते खरंच आठवतं, खोटं बोलत नाहीत ते. स्टेजवर त्यांचे डोळे भरून आले होते.

शेजारी वर्तमानपत्राची एक मुलगी बसली होती. ती माझ्याकडं झुकली आणि म्हणाली, “काकू, खरंच तुम्ही असं म्हणाला होता? कापू नका असं?”

“हो,” मी म्हणाले. “म्हणाले होते.”

तिनं ते लिहून घेतलं. माझ्या बोटांकडं बघून तिच्या डोळ्यात पाणी आलं. मला त्या पोरीला काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार. म्हणाले तर होतेच.

सत्कारानंतर तिथंच जेवणं होती. आम्ही दोघं शेजारी बसलो. ह्यांच्या गळ्यात अजून हार होता. वाढपी जिलबी घेऊन आला.

“मला नको,” मी म्हणाले.

“वाढ रे,” हे वाढप्याला म्हणाले.

“खरंच नको. पोट भरलंय माझं.”

“काय नको? सकाळपास्नं काय खाल्लंयस तू?” ह्यांनी त्याच्या हातातला चिमटा घेतला आणि स्वतः माझ्या ताटात जिलबी ठेवली. मी ताटावर हात आडवा धरला तो बाजूला सारून आणखी एक ठेवली. “तुझं नको म्हंजे काय मी आज बघतोय व्हय? जन्म गेला माझा.”

समोरच्या पंगतीतली माणसं कौतुकानं हसली. हेही हसले. मी डाव्या हातानं जिलबीचा तुकडा मोडला.

त्या दिवशी शेडमध्येही मी असंच नको म्हणाले होते. हे माझं नको ऐकणार नाहीत, कापतीलच, असं धरून.